म्हाताऱ्या व्हिलनच्या बाजूने सुपरहिरो कॉमिक्स वाचायचीत? सुरुवात कुठून करायची ते सांगतो

गणपतीत घरी आलेला माझा भाचा आरती झाल्यावर सरळ माझ्या कपाटापुढे फतकल मारून बसला आणि म्हणाला, मामा, पिक्चर सगळे बघून झालेत, आता कॉमिक्स वाचायचीत, पण हिरोची नकोत, व्हिलनची दे, आणि तो व्हिलन जरा वय झालेला असला तर अजून बरं. मागणी ऐकून मला इतका आनंद झाला की त्या रात्री जेवणं झाल्याझाल्या मी अख्खं कपाट उपसलं. वीस-बावीस वर्षं सुपरहिरो कॉमिक्स वाचतोय, त्यातली सगळ्यात जास्त वेळा परत काढून वाचलेली हीच. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा नीट लिहून काढतोय. ज्यांनी लहानपणी इंद्रजालमधल्या वेताळानंतर कॉमिक हातातच धरलं नाही त्यांनाही जमेल अशा बेताने.

आधी एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर पुढचं सगळं अधांतरी वाटेल. पीटर पार्कर म्हणजे स्पायडरमॅन १९६२ साली आला तेव्हा शाळेत जाणारा पोरगा होता. त्या हिशोबाने आज तो पंचाहत्तरीच्या पुढे पाहिजे, पण कॉमिक्समधे तो अजून तरुणच आहे. मार्व्हलवाले, म्हणजे स्पायडरमॅन काढणारी कंपनी, याला स्लायडिंग टाइमस्केल म्हणतात, म्हणजे आपलं कॅलेंडर पुढे जातं तशी त्याच्या गोष्टीची सुरुवातही ते गुपचूप पुढे सरकवत राहतात. हिरोला म्हातारा करणं कंपनीला परवडत नाही, कारण शाळेच्या दप्तरावर चित्र त्याचं असतं. व्हिलनचं तसं नाही. काही व्हिलन तर पहिल्या दिवसापासूनच टक्कल पडलेले, सुरकुतलेले काढलेत. त्यामुळे गुडघेदुखी, आजारपण, रिकामा खिसा, नव्या पोरांनी न ओळखणं, हे सगळं या जगात बघायचं असेल तर व्हिलनच्याच घरी जावं लागतं. मी हे वाचतो ते त्यासाठी, आणि पुढचा सगळा क्रम त्याच हिशोबाने लावलाय.

पहिली पायरी : एकच इश्यू, जंकमॅन

नवीन माणूस हमखास काय करतो तर जाडजूड ओम्निबस मागवतो, साताठशे पानं, आणि चाळिसाव्या पानावर कंटाळतो. तसं करू नका. एक इश्यू म्हणजे एक सुटा अंक, वीस-बावीस पानं, चहा थंड व्हायच्या आत वाचून होतो, तिथून सुरू करा.

तो इश्यू म्हणजे अ‍ॅस्ट्रो सिटीचा, १९९७ सालचा, दुसऱ्या मालिकेतला १० नंबर, नाव 'शो एम ऑल'. लेखक कर्ट ब्युसिक, चित्रं ब्रेंट अँडरसनची. अ‍ॅस्ट्रो सिटी हे १९९५ ला सुरू झालेलं स्वतंत्र जग आहे, मार्व्हल आणि डीसी या दोन बड्या कंपन्यांच्या जगांशी काही घेणंदेणं नाही, म्हणून मागचं काहीही माहीत नसलं तरी अडत नाही. या इश्यूला १९९८ चं आइसनर, म्हणजे कॉमिक्समधलं मानाचं अवॉर्डही मिळालं, सर्वोत्तम एका अंकाचं.

जंकमॅन हा खेळणी बनवणारा हुशार माणूस, वय झालं म्हणून त्याला कामावरून घालवलं, आणि मग लोकांनी टाकून दिलेल्या भंगारातून यंत्रं बनवून त्याने बँक लुटली, एकाही हिरोच्या हाती न लागता. पैसे घेतले, समुद्रकिनारी जाऊन राहिला. इथवर सगळं त्याच्या मनासारखं. आणि मग त्याला ते खायला उठतं, कारण त्याने केलं हे कुणालाच माहीत नाही. पैसा आहे, ऊन आहे, आरामखुर्ची आहे, पण ज्या लोकांनी तुझं वय झालं म्हणून घरी पाठवलं त्यांना कळलेलंच नाही की आपण काय करून दाखवलं. पुढे तो काय करतो ते सांगत नाही, तुम्ही वाचा.

मला हे इतकं का लागलं ते सांगतो. आमच्या बाबांना कंपनीने ५३ व्या वर्षी व्हीआरएस घ्यायला लावली, नवी मशीनं आली, पोरं आली, जुन्या फिटरांची गरज नाही म्हणाले. नंतर कितीतरी महिने बाबा सकाळी सव्वासहाला उठून दाढी करून बसायचे, जायचं कुठेच नसायचं. मग गॅलरीत टेबल टाकलं आणि शेजारपाजारचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करायला लागले, पैसे घ्यायचे नाहीत. एक जुना बिस्किटांचा डबा होता, त्यात स्क्रू, वॉशर, स्प्रिंगा, मोडक्या घड्याळांची चाकं, सगळं साइजप्रमाणे वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवलेलं आणि प्रत्येक पुडीवर पेन्सिलने नंबर. जंकमॅनचं भंगार बघितलं तेव्हा मला पहिल्यांदा तो डबाच आठवला. व्हिलनच्या बाजूने लिहिलंय म्हणजे चोरीला चांगलं म्हटलंय असं अजिबात नाही, पण हा माणूस चोरी करेपर्यंत त्याच्या आत काय चाललं होतं ते आपल्या ओळखीचं निघतं आणि तिथे आपण अडकतो.

दुसरी पायरी : आवाज कुठून येतो ते बघायला शिका

ही छोटी आहे पण सोडू नका. कॉमिकमधे बोलणं फुग्यात असतं हे सगळ्यांना माहीत असतं. जुन्या कॉमिक्समधे मनातलं बोलणं ढगासारख्या फुग्यात असायचं, नंतरच्या काळात ते चौकोनी कॅप्शनमधे गेलं, आणि व्हिलनच्या बाजूची गोष्ट बहुतेक या चौकोनांतच असते. आता प्रत्येक पॅनेलला, म्हणजे पानावरच्या एकेका चौकटीला, स्वतःला विचारायचं की चौकोन काय म्हणतोय आणि चित्र काय दाखवतंय. दोन्ही जुळतायत का? म्हातारा म्हणतो मी घाबरलो नाही आणि चित्रात त्याची बोटं कठड्याला घट्ट धरलेली, तर गोष्ट त्या फटीत आहे.

हे शिकायला 'सुपिरिअर फोज ऑफ स्पायडरमॅन' उत्तम, २०१३-१४, १७ इश्यू, निक स्पेन्सर आणि स्टीव्ह लिबर. निवेदन करणारा बूमरँग नावाचा व्हिलन म्हातारा नाही, पण इतका खोटं बोलतो की कॅप्शनवर किती विश्वास ठेवायचा ते आपोआप कळायला लागतं. दोन-तीन इश्यू वाचा, आवडलं तर पूर्ण करा, नाहीतर पुढे चला.

तिसरी पायरी : गिधाड

आता खरा मुक्काम. व्हल्चर, म्हणजे एड्रियन टूम्स. १९६३ सालच्या अमेझिंग स्पायडरमॅनच्या दुसऱ्याच इश्यूत आला, स्टॅन ली आणि स्टीव्ह डिट्को यांचा. टक्कल, बाकदार नाक, हिरवा पोशाख, हाताला पंख, आणि आल्यापासूनच म्हातारा. कोवळ्या हिरोसमोर आजोबाच्या वयाचा माणूस उडतोय ही कल्पना त्या दोघांना पहिल्याच वर्षी सुचली याचं मला अजून कौतुक वाटतं.

नंबराच्या क्रमाने जाऊ नका, मी सांगतो तसं जा. आधी अमेझिंग स्पायडरमॅनचाच २२४ नंबर, जानेवारी १९८२ चा, रॉजर स्टर्न लेखक, चित्रं जॉन रोमिता ज्युनिअर. टूम्स हॉस्पिटलमधे खाटेवर पडलाय, जगायची इच्छा संपलीय. तिथे नेथन लुबेन्स्की नावाचे एक गृहस्थ येतात, व्हीलचेअरवर असतात, पीटरच्या मे काकूंचे जोडीदार. त्यांना काय माहीत हा कोण, एक खचलेला म्हातारा दिसतो म्हणून ते त्याला धीर देतात, वय झालं म्हणजे सगळं संपलं असं नाही, अजून जे उरलंय ते वापर. आणि त्या शब्दांनी टूम्स खरंच उठतो. उठून काय करतो तर पंख बांधतो. एका भल्या माणसाने मनापासून दिलेला धीर, आणि तो असा वापरला गेला. हा इश्यू वाचून झाल्यावर पुस्तक मिटून जरा वेळ बसा, लगेच पुढचा उघडू नका.

मग २४०-२४१, १९८३, तेही स्टर्नचेच. टूम्स आधी कोण होता ते इथे कळतं. हुशार इंजिनिअर, पार्टनरशिपमधे धंदा, आणि पार्टनरने त्याला फसवलं. आपल्याकडे भावकीत, भागीदारीत असं बघितलेल्यांना वेगळं समजावून सांगायची गरज नाही. त्यानंतर मागे जाऊन ४८ आणि ६३ वाचा, १९६७ आणि १९६८ चे. तुरुंगात टूम्स मरणाच्या दारात आहे असं वाटतं आणि त्याचे पंख ब्लॅकी ड्रेगो नावाचा तरुण कैदी लाटतो, नवा व्हल्चर बनतो. आणि मग म्हातारा उठतो आणि त्या तरुणाला आकाशात सगळ्यांसमोर हरवतो. मला माहितीय की चांगलं-वाईट करायचं तर दोघंही चोरच, पण ६३ नंबर वाचताना मी दर वेळी म्हाताऱ्याच्या बाजूने असतो.

आता अवघड भाग. ३३६ नंबर, १९९०. व्हल्चरच्या एका हल्ल्यात नेथन जातात, हार्ट अ‍ॅटॅकने. तेच नेथन ज्यांनी त्याला जगायला शिकवलं. आणि मग १९९२ चे स्पेक्टॅक्युलर स्पायडरमॅन १८६ ते १८८, लेखक जे. एम. डीमॅटिस, चित्रकार सॅल ब्युसेमा. आता टूम्सला कॅन्सर झालाय, दिवस थोडे उरलेत, आणि तो हिशोब मिटवायला निघतो, काहींचा सूड घेऊन आणि एकीची माफी मागून. तो मे काकूंकडे जातो. आयुष्यभर सगळ्यांना खाऊ घालणारी, सगळ्यांचं भलं चिंतणारी ती म्हातारी बाई, आपल्याला वाटतं ही आता पाझरणार, डोक्यावरून हात फिरवणार, आपल्याकडच्या सिनेमात तसंच झालं असतं. ती माफ करत नाही. आरडाओरडा नाही, मारामारी नाही, फक्त नकार. सुपरहिरो कॉमिक्समधे व्हिलनला बसलेले जेवढे फटके मी वाचलेत त्यातला सगळ्यात जोराचा हा, आणि तो ज्या बाईने दिला तिच्याकडे कसलीही शक्ती नाही. हा प्रसंग घाईत वाचू नका. आणि आधीचे इश्यू न वाचता थेट इथे तर मुळीच येऊ नका, नेथन कोण ते मनात बसलेलं नसेल तर यातलं निम्मं वाया जाईल.

चौथी पायरी : स्टीलजॅक

इथवर आलात तर आता लांबची गोष्ट झेपेल. पुन्हा अ‍ॅस्ट्रो सिटी, दुसऱ्या मालिकेतले १४ ते २०, एकत्र पुस्तकाचं नाव 'द टार्निश्ड एंजल'. कार्ल डोनेविच, टोपणनाव स्टीलजॅक, वीस वर्षं तुरुंगात काढून बाहेर पडतो. त्याची अख्खी कातडी पोलादाची आहे. तरुणपणी ही ताकद, आता हीच शिक्षा, कारण नोकरी मागायला गेला तर अंगावर लिहिल्यासारखं दिसतं हा कोण ते. चमकणारं तोंड लपवणार कुठे? तो आपल्या जुन्या वस्तीत परत जातो, कीफर स्क्वेअर, जिथे छोट्यामोठ्या व्हिलन लोकांची कुटुंबं राहतात. तिथे कुणीतरी या किरकोळ व्हिलनना एकेक करून मारतंय आणि पोलीस किंवा हिरो कुणालाच त्याचं सोयरसुतक नाही. मग वस्तीतले लोक वर्गणी काढतात आणि याला सांगतात, बाबा रे तूच बघ.

इथे वाचताना खुनी कोण यामागे धावू नका, ते कळेल. वस्तीकडे बघा. विधवा बायका, बापाचा पोशाख घालून बापासारखंच व्हायला निघालेली पोरं, दारूच्या गुत्त्यावर जुन्या गोष्टी सांगणारे. लहानपणी कार्ल त्याच गल्लीतून वर बघायचा तेव्हा हिरो उडत जाताना त्याला देवदूतांसारखे चमकताना दिसायचे, आणि ते कधी त्याच्या वस्तीत खाली उतरले नाहीत, उतरले ते कुणालातरी पकडून न्यायलाच. हे तो तक्रारीच्या सुरात सांगत नाही, म्हणून जास्त लागतं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा एका बैठकीत संपवलं आणि नंतर वाटलं चूक केली. रोज एक इश्यू, सात दिवस, असं वाचा.

पाचवी पायरी : मॅग्नीटो, पण शेवटीच

मॅग्नीटो म्हणजे एक्समेन या हिरोंच्या टोळीचा जुना शत्रू, हात न लावता धातू हलवणारा. बहुतेक लोक त्याच्यापासून सुरू करा म्हणतात कारण नाव मोठं. माझं मत उलटं आहे. पिक्चरमुळे तो आपल्याला आधीच माहीत असतो असं वाटतं आणि आपण नीट वाचत नाही.

१९६३ च्या एक्समेनच्या पहिल्या इश्यूत तो नुसताच दुष्ट होता. बदल केला तो ख्रिस क्लेअरमाँटने. अनकॅनी एक्समेन १५०, ऑक्टोबर १९८१, डेव्ह कॉक्रमची चित्रं. यात मॅग्नीटो एक रशियन पाणबुडी बुडवतो, आतल्या माणसांसकट, आणि पुढे लढाईत किटी प्राइड नावाच्या कोवळ्या पोरीवर वार करतो, मग भान येतं की आपण एक लहान मूल मारलं. ती जगते, पण त्याच्या हातून शस्त्र गळतं ते तिथे, आणि त्याच इश्यूत कळतं की तो आउशवित्झच्या छळछावणीतून वाचलेला आहे.

यामुळे एक विलक्षण गोष्ट झाली. बाकी सगळ्यांची सुरुवात पुढे सरकवता येते, याची येत नाही. दुसरं महायुद्ध कुणी २००५ मधे नेऊ शकत नाही. इतिहासाने त्याचं वय खिळ्याने ठोकून ठेवलंय. तो धडधाकट कसा हे पटवायला लेखकांना एक जुनी गोष्ट कामी आली, १९७४ मधे एका कथेत त्याला चक्क तान्हं बाळ केलं होतं आणि नंतर परत मोठा. २०० नंबरच्या इश्यूत, डिसेंबर १९८५, पॅरिसमधे त्याच्यावर खटला चालतो, तिथेही हा मुद्दा निघतो की बाळ व्हायच्या आधीचे गुन्हे या माणसाचे धरायचे का. वकिली करणाऱ्या माझ्या मेहुण्याला मी हे सांगितलं तर तो तासभर त्यावरच बोलत होता.

१५० आणि २०० झाले की 'मॅग्नीटो : टेस्टामेंट' घ्या, २००८-०९, ग्रेग पाक आणि कार्मिने दी ज्यांदोमेनिको, ५ इश्यू. हे त्याचं बालपण आहे, मॅक्स आयझनहार्ट नावाचा ज्यू मुलगा, १९३५ च्या जर्मनीपासून पुढे. पोशाख नाही, उडणं नाही, सुपरहिरो कॉमिक आहे हे विसरायला होतं. झोपायच्या आधी वाचू नका हे मनापासून सांगतो. त्यानंतर २०१४ ची त्याच्या नावाची मालिका, कलन बन आणि गाब्रिएल एर्नांदेस वॉल्ता, २१ इश्यू. शक्ती जवळपास संपलेली, डोक्याचे केस गेलेले, स्वस्त मोटेलच्या खोल्यांत राहतो, आणि एकेकाळी पूल उचलणारा माणूस आता छोट्या धातूच्या तुकड्यांवर काम भागवतो. निवेदन त्याचंच. तो जे करतो ते भयंकर आहे आणि कॅप्शनमधे तो ते इतकं शांतपणे मांडतो की दुसऱ्या पायरीवर शिकलेलं सगळं इथे लागतं.

लूथर, डॉक्टर डूम या दुसऱ्या बड्या व्हिलनची स्वतःच्या बाजूची पुस्तकंही चांगली आहेत पण त्यांत वय हा विषय नाही, म्हणून इथे घेत नाही. वॉचमेन (१९८६-८७) हे गाजलेलं कॉमिक वाचणार असाल तर मोलॉककडे लक्ष द्या, निवृत्त व्हिलन, कॅन्सर झालेला, पाचव्या इश्यूत त्याच्या खोलीत बाहेरच्या पाटीचा दिवा उघडझाप करतो तशी पॅनेलं एक उजेडात एक अंधारात. काही पानांचाच माणूस आहे, पण चित्रकार डेव्ह गिबन्सने त्याचे कान आणि डोळे असे काढलेत की विसरता येत नाही.

मिळणार कुठे

मार्व्हलचं बहुतेक सगळं मार्व्हल अनलिमिटेड अ‍ॅपवर आहे, महिन्याचे पैसे भरायचे, वर सांगितलेले नंबर सर्चमधे टाकायचे. फोनवर एकेक पॅनेल मोठं करून दाखवायची सोय असते ती बंद करा, पूर्ण पान बघा, टॅब असेल तर उत्तम, कारण पानाची मांडणी हाच निम्मा मजकूर असतो. अ‍ॅस्ट्रो सिटी आता इमेज कंपनी मेट्रोबुक नावाच्या जाड खंडांत काढते, जंकमॅन पहिल्या खंडात, स्टीलजॅक दुसऱ्यात. जाड पुस्तक नको म्हणालो होतो ते विसरलेलो नाही, घ्या पण त्यातली ठरलेलीच गोष्ट उघडा. जुने सुटे इश्यू हवेत तर माटुंग्याला किंग्ज सर्कलचा फुटपाथ, फोर्टात फ्लोरा फाउंटनच्या आसपास, पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या भागात चक्कर मारा, नशिबाने मिळतात, मी घेतलेला व्हल्चरचा पहिलावहिला जुना इश्यू माटुंग्यालाच मिळाला, कव्हर नसलेला.

आणि एक, मोठ्याने मराठीत वाचा

हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगतो. कॅप्शनमधला आवाज पकडता येत नसेल तर तो मनातल्या मनात नको, तोंडाने मराठीत बोलून बघा. ब्रुकलिनच्या गल्लीतला माणूस असला तर त्याला परळ-लालबागची भाषा देऊ नका, साधी रोजची द्या, पण म्हाताऱ्याची द्या, छोटी वाक्यं, मधे थांबणं. अडखळलात की समजा तिथे तुम्हाला तो माणूस अजून कळला नाही, परत वाचा.

मी हे भाच्यासोबत करून बघितलं, जंकमॅन घेतला, तो पानं उलटत होता आणि मी मराठीत सांगत होतो. बाबा बाजूला पेपर वाचत होते, आता ७८ चे आहेत, ऐकू जरा कमी येतं. पाचव्या-सहाव्या पानाला त्यांनी पेपर खाली ठेवला, मग खुर्ची जवळ ओढली. कामावरून काढलं तो भाग आला तेव्हा काही बोलले नाहीत. गोष्ट संपली, भाचा उठला, आणि बाबांनी पुस्तक स्वतःकडे घेतलं, भिंग मागवलं, त्या भंगाराच्या यंत्राच्या चित्रावर धरलं आणि बराच वेळ बघून मला विचारलं, हे चालतं कशावर, बॅटरी कुठे बसवलीय याने?